सातव्या कलमातले न चढलेले प्रवासी

कंडक्टरकाकांनी बत्तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांचा हिशेब एकदाही चुकला नाही. म्हणजे एकदा चुकला होता, पण तो विषय घरात कोणी काढत नसे. शेवटच्या बाकाखाली पोत्यांच्या मागे एक इसम झोपला होता. तपासणीवाल्यांनी त्याला पायाला धरून ओढून काढलं, आणि एक प्रवासी विनातिकीट म्हणून काकांना तीन दिवस घरी बसवलं. त्या तीन दिवसांत काकांनी जेवण सोडलं नाही, बोलणं मात्र सोडलं. चौथ्या दिवशी कामावर गेले ते बाकाखाली वाकून बघायची सवय घेऊनच, आणि निवृत्त झाल्यावरही ती गेली नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले तरी आधी माणसं मोजत, मग बाकाखाली बघत. डॉक्टरांना वाटे, यांची कंबर धरली आहे.

"मला बघायला आले तेव्हा आमच्या बैठकीत किती माणसं होती ते यांना अजून पाठ आहे," काकू सांगायच्या. "मी कशी दिसत होते ते विचारा बरं!"

सकाळच्या पेपरची घरात रीतसर वाटणी व्हायची. शब्दकोड्याचं पान काकूंचं. खेळाचं पान खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरचं. हा काकांचा जुना जोडीदार, एकाच गाडीवर दोघांनी एकोणीस वर्षं काढलेली. आणि जे पान कोणालाच नको ते काकांचं. त्या पानावर निविदा असत, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती असत आणि सरकारी सूचना असत. काका ते पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. एवढी शाई खर्च केली आहे, कोणीतरी वाचायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

एका सकाळी त्या पानाच्या तळाशी एक चौकट होती. नागरी विमान वाहतूक सुरक्षा निधी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करण्यात येत आहे, तरी नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत पाठवाव्यात.

"नागरिकांनी म्हणजे आपणच," काका म्हणाले.

ड्रायव्हर पायरीवर बसून खेळाचं पान वाचत होता. त्याने मान वर केली नाही. "छापायचं असतं म्हणून छापतात ते. गावाबाहेर 'पुन्हा या' अशी पाटी असते, ती वाचून आपण कधी गाडी मागे वळवली का?"

पण काका वाचनालयात गेले आणि मसुद्याची प्रत घेऊन आले. एक्केचाळीस पानं. विमानात ते जन्मात बसले नव्हते, तरी पेन्सिल घेऊन वाचायला लागले. बेत साधा होता. आजवर विमानतळावरच्या झडतीचा, सामान तपासायच्या यंत्रांचा, पहारेकऱ्यांच्या पगाराचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा. आता तो विमानाने जाणाऱ्यांनीच द्यायचा. तिकिटामागे सुरक्षा शुल्क घ्यायचं, विमान कंपन्यांनी ते गोळा करायचं आणि एका निधीत भरायचं. शुल्क फार नव्हतं, दोन कप चहाच्या किमतीएवढं. इथवर काकांना काही खुपलं नाही. ज्याची झडती त्याचा खर्च, ठीक आहे.

सातव्या कलमापाशी मात्र पेन्सिल थांबली. काका उठून उभे राहिले.

"अगं, हे बघ. घेताना 'विकलेल्या प्रत्येक तिकिटामागे' घ्यायचं. आणि भरताना 'विमानात चढलेल्या प्रत्येक प्रवाशामागे' भरायचं!"

"बरं मग?" काकू कोड्यात होत्या.

"मग ज्याने तिकीट काढलं आणि जो आलाच नाही, त्याचे पैसे कुठे गेले? ना त्याला परत, ना सरकारला!"

"ते राहू द्या. चार अक्षरी शब्द सांगा, गट्टम् केलेलं या अर्थाचा. शेवटचं अक्षर त."

"गिळंकृत," काका म्हणाले आणि कागद शोधायला लागले.

बसमध्ये याच फटीतून चोरी होते, हे काकांना झोपेतही सांगता आलं असतं. विकलेली तिकिटं एक आणि मोजलेली डोकी दुसरी, या दोन आकड्यांमध्ये जी जागा उरते, तिथेच वाईट कंडक्टरचा बंगला उभा राहतो. त्यांनी पत्र लिहिलं, तेही डेपोत अहवाल लिहायचे तसंच. विषय: भरणा कमी. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा खोडून चौथ्यांदा पक्कं केलं: "आमच्या खात्यात पन्नास तिकिटं फाडून सत्तेचाळिसांचा भरणा करणाऱ्यास कंपनी म्हणत नाहीत, आरोपी म्हणतात."

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीचा नियम असा होता, की लेखी हरकत घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाचं म्हणणं समक्ष ऐकून घ्यायचं. विमान कंपन्यांच्या संघटनेचं निवेदन आलं होतं, ते जाडजूड होतं. पण नागरिक म्हणाल तर साऱ्या देशातून एकच. पत्रासोबत राजधानीला जायचं-यायचं विमानाचं तिकीट होतं.

"एकच तिकीट?" काकूंनी पाकीट उलटं करून झटकलं.

"साक्ष माझी आहे."

"बत्तीस वर्षं तुम्ही लोकांना फिरवलंत. मला एकदा तरी खिडकीजवळ बसवलंत का?"

काकूंनी आपल्या साठवणीतून स्वतःचं तिकीट काढलं, ते खिडकीचंच.

निघताना ड्रायव्हर दारापर्यंत आला. त्याचं तोंड जरा उतरलेलंच होतं. "विमानात ड्रायव्हर दोन आणि कंडक्टर चार असतात म्हणे."

"म्हणजे कंडक्टरची किंमत त्यांना कळली आहे," काका म्हणाले. ड्रायव्हर पुढे दोन दिवस त्यांच्यावर धुसफुसत होता, असं नंतर कळलं.

विमानतळावर झडतीच्या रांगेत काकांची पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या मुलीने पिशवीतून एक लोखंडी चिमटा काढला.

"काका, हे काय आहे?"

"पंच. तिकिटाला भोक पाडायचा." साक्ष द्यायला जायचं आणि पंच घरी ठेवायचा, हे काकांच्या मनाला पटलंच नव्हतं.

"टोकदार आहे. आत नेता येणार नाही."

"अगदी बरोबर," काका म्हणाले. ती मुलगी चकित झाली. एवढ्या खुशीने तिला आजवर कोणी काही दिलं नव्हतं. "आता पावती द्या."

"पावती नसते, काका."

"सरकारी माणसाने वस्तू घेतली आणि पावती नाही?"

मागे रांग वाढली. कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळ बघितलं. काका जागचे हलेनात. त्यांनी मुलीला शांतपणे समजावलं, "बेटा, तुझा पगार ज्या कायद्यातून यायचा आहे ना, त्याच कामाला चाललोय मी. तो नीट व्हायला हवा, तर ही पावतीही व्हायला हवी." शेवटी मोठे साहेब आले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि एका कोऱ्या अर्जाच्या पाठीवर लिहून दिलं: पंच, लोखंडी, नग एक. काकांनी सहीखाली तारीख टाकून घेतली.

तोवर काकू स्त्रियांच्या पडद्याआडून हसत बाहेर आल्या. "फार गोड मुलगी होती हो. यंत्र वाजलं तर गुडघ्यात काय घातलंय, कधी घातलं, दुखतं का, सगळं विचारलं. आपल्या सुनेने तरी विचारलंय का कधी?"

विमानात बसल्यावर काकूंनी खिडकीला नाक लावलं आणि काकांनी माणसं मोजायला सुरुवात केली. हवाई सुंदरी हातातल्या छोट्या यंत्राचं बटण दाबत मधल्या वाटेने येत होती. दर डोक्यामागे टिक, टिक. काकांना ते यंत्र इतकं आवडलं की क्षणभर ते स्वतःचा आकडा विसरले आणि त्यांना पहिल्यापासून मोजावं लागलं.

"किती भरले?" त्यांनी विचारलं.

"चौसष्ट."

"पासष्ट. नवव्या रांगेत शालीखाली एक आहे."

ती हसली. "मांडीवरची बाळं आम्ही वेगळी मोजतो, काका."

"बरं. आणि तिकिटं किती विकली होती?"

आपण एका कंडक्टरशी बोलतो आहोत हे तिला कसं कोण जाणे, पण कळलं असावं. तिने यादी बघितली. "सत्तर नावं होती. सहा जण आलेच नाहीत."

काकांनी वही काढून लिहून घेतलं: सत्तर, चौसष्ट, सहा. मग दार लागलं, आणि दार लागल्याबरोबर काकांचा उजवा हात बत्तीस वर्षांच्या सवयीने वर घंटीच्या दोरीकडे गेला. तिथे दोरी नव्हती, बटण होतं. ते दोनदा दाबलं गेलं. तीच मुलगी धावत आली.

"काय हवंय, काका?"

"काही नाही," काका ओशाळून म्हणाले. "सोडा गाडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समितीच्या खोलीत काका जाऊन बसले. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे एक ध्वनिक्षेपक, एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांची बशी. अकरा सदस्यांपैकी चौघे हजर होते आणि त्यातले एक डोळे मिटून. मधोमध अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. डाव्या हाताला विमान खात्याचे सहसचिव. त्यांच्या फायलीतून इतक्या रंगीत चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या की फायलीला पिसं फुटल्यासारखं दिसत होतं. उजव्या हाताला कंपन्यांच्या संघटनेचा वकील. काकांनी माणसं मोजली आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

"काही पडलं का आपलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही, बाई. सवय."

"आपण कोणत्या संस्थेतर्फे आलात?"

"संस्था नाही. घरून आलोय."

मग काकांनी आपलं म्हणणं मांडलं. घ्यायचं तिकिटावर, भरायचं डोक्यावर, मधले पैसे अधांतरी. त्यांना चार मिनिटं लागली. वकील मंद हसला आणि म्हणाला, "अध्यक्षमहोदया, न आलेल्या प्रवाशांचा हिशेब ठेवायला कंपन्यांना प्रशासकीय खर्च येतो. ती रक्कम त्यात जाते."

"न आलेल्या माणसाचा खर्च कसला?" काका म्हणाले. "तो तर आलाच नाही."

एक सदस्य बिस्कीट खाता खाता ठसकला.

"शिवाय अशा प्रवाशांची संख्या नगण्य असते," वकील म्हणाला.

"काल सत्तरात सहा होते." काकांनी वही पुढे केली.

"तो अपवाद असेल."

"असेल. एका फेरीवरून मी सगळ्या डेपोचा हिशेब सांगणार नाही. पण तुमच्याकडे सगळ्या फेऱ्यांचा कागद असेलच की. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? तो काढा."

"ती माहिती व्यावसायिकदृष्ट्या गोपनीय आहे."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आकडा नगण्य आहे, पण दाखवण्यासारखा नाही?"

वकील पाण्याची बाटली उघडायला लागला. बाईंनी मान सहसचिवांकडे वळवली. सहसचिवांनी एक पिवळी चिठ्ठी काढली, मग हिरवी काढली आणि शेवटी म्हणाले, की पहिलं पोटकलम एका जुन्या मसुद्यातून घेतलं, तिसरं दुसऱ्या मसुद्यातून, आणि दोन्ही शेजारी ठेवून कोणी वाचलं नाही. "नजरचूक झाली."

"साहेब," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, अनुभव होता, "बत्तीस वर्षांत माझ्या डेपोत नजरचुकीने पैसे जास्त भरले गेले, असं एकदाही झालं नाही. नजर चुकते ती नेहमी कमीच्या बाजूलाच चुकते."

सगळ्या फेऱ्यांचा कागद पंधरा दिवसांत समितीपुढे ठेवावा, असं बाईंनी तिथल्या तिथे लिहून घेतलं. सगळं मिळून बारा मिनिटं झाली होती. काका उठणार, इतक्यात डोळे मिटलेल्या सदस्यांनी डोळे उघडले.

"मांडीवरच्या बाळाचं काय?"

"बाळ फुकट," काका म्हणाले.

"पण झडती त्याचीही होते! माझ्या नातवाची दुधाची बाटली उघडून बघितली होती."

"खर्च झाला तर शुल्क हवं," दुसरे म्हणाले.

"आणि जुळी असतील तर?" तिसरे म्हणाले.

यावर पाऊण तास चर्चा झाली. ज्यांनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं तेही बोलले, कारण निधी कोणाला कळत नव्हता पण बाळ सगळ्यांना कळत होतं. वकीलसुद्धा खुलला, त्यालाही एक मुलगी होती. कोणीतरी विचारलं, बसमध्ये काय करतात? काकांनी सांगून टाकलं, की आमच्या दाराच्या दांडीवर एक खूण असते, डोकं तिच्याखाली राहिलं तर अर्धं तिकीट. लगेच सहसचिवांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "खुणेची उंची किती?" आणि लिहायला पेन उघडलं. आपल्या एका वाक्याने देशभरच्या विमानांच्या दारांत बाळं उभी करून मोजणार, हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी हात जोडले. "उंची नको, साहेब. वय लिहा. दोन वर्षांखाली फुकट. आणि आता पुढचं काही लिहू नका."

बाहेर काकू बाकावर बसून तिसरं कोडं सोडवत होत्या. "काय ठरलं?"

"बाळ फुकट."

"एवढ्यासाठी राजधानीपर्यंत आलो?"

परतीच्या वाटेवर काकांनी पावती दाखवून पंच मागितला. कोठारातला माणूस त्या कागदाकडे बघतच राहिला. त्याच्या नोकरीत पावती घेऊन येणारा हा पहिलाच प्रवासी होता. मागच्या फळ्यांवर कात्र्या, नखं कापायची यंत्रं आणि छत्र्यांचे ढीग होते. त्यातून पंच शोधायला त्याला दोन मिनिटं लागली आणि सही कुठे घ्यायची ते शोधायला वीस.

पाच महिन्यांनी कायदा झाला. पंधरा दिवसांत मागितलेला कागद दोन महिन्यांनी आला होता, आणि नगण्य रकमेतून अकरा लहान विमानतळांवरच्या झडतीवाल्यांचा वर्षाचा पगार निघत होता. सातवं कलम बदललं. जेवढं घ्याल तेवढं भरा, आणि जो चढला नाही त्याने अर्ज केल्यास त्याचं शुल्क त्याला परत. समितीच्या अहवालात एक ओळ होती, "एका नागरिकाच्या सूचनेवरून." बाळांसाठी मात्र स्वतंत्र कलम, चार पोटकलमं आणि एक तक्ता होता. काकांनी ती ओळ काकूंना वाचून दाखवली, ड्रायव्हरला वाचून दाखवली आणि दूधवाल्यालाही.

आळीत कौतुक आठवडाभर टिकलं. मग शुल्क सुरू झालं, आणि लोकांना एवढंच आठवलं की तिकीट महागलं आणि यात कंडक्टरकाकांचा हात आहे. कोपऱ्यावरचा शिंपी तर भर रस्त्यात म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असतात तर आमचे पैसे वाचले असते!" शुल्क आपण आणलं नाही, आपण फक्त त्याची गळती बुजवली, हे काका सांगत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

या सगळ्यात ड्रायव्हरने कोणाला न सांगता एक उद्योग केला होता. त्याची मुलगी राजधानीच्या पलीकडे राहायची. कंडक्टर विमानात बसून आला आणि आपण बसलो नाही, हे त्याला सलत होतं. त्याने मुलीकडे जायचं तिकीट काढलं, पिशवी भरली, विमानतळावर गेला आणि दुपारी पिशवी घेऊन घरी परत आला. आठ दिवस तो पायरीवर दिसला नाही. नवव्या दिवशी चहाच्या वेळेला तो वर आला आणि चार पानांचा अर्ज काकांपुढे ठेवला.

"ते शुल्क परत मिळतं म्हणे."

काकांनी चष्मा लावला आणि अर्ज भरायला बसले. नाव, पत्ता, तिकिटाचा क्रमांक झाला. तिसऱ्या पानावर रकाना होता: प्रवास न करण्याचं कारण.

"तब्येत लिही," ड्रायव्हर म्हणाला.

"तब्येतीला डॉक्टरचा दाखला लागतो."

ड्रायव्हरने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दारापर्यंत गेलो होतो रे. आत डोकावलो. प्रवासी बसतात तिथून समोरचा रस्ताच दिसत नाही. बाजूच्या खिडकीतून दिसतो तो नुसता पंख. चाळीस वर्षं मी समोर बघून बसलोय. कोण चालवतोय, कसा चालवतोय, काही कळत नाही, आणि दार लावून घेतात."

काकांनी रकान्यात लिहिलं, "वैयक्तिक." चौथ्या पानावर लिहिलं होतं, प्रवास न केल्याचा पुरावा जोडावा. न गेलेल्या माणसाने न गेल्याचा पुरावा आणायचा कुठून, हे कायदा करणाऱ्यांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काकांच्याही नाही, आणि ते त्यांना फार लागलं. शेवटी त्यांनी साक्षीदार म्हणून स्वतः सही केली, की सदर इसम विमान सुटलं त्याच दुपारी पिशवीसह आमच्या जिन्यात होता.

चाळीस दिवसांनी पैसे आले. दोघांनी कोपऱ्यावर जाऊन त्याचा चहा घेतला. चहा मधल्या काळात महागला होता, म्हणून वरचे सुटे ड्रायव्हरने आपल्या खिशातून घातले.

"मुलीकडे जायचं तर आहे ना?" काकांनी विचारलं.

"जायचंय."

"बसला दोन दिवस लागतील. मध्ये एकदा गाडी बदलावी लागेल."

"पुढची दोन आसनं मिळतील का? ड्रायव्हरच्या मागची?"

काकांनी बशी बाजूला सारली आणि वही काढली. दोघे उठून स्टँडवर वेळापत्रक बघायला गेले.